बलरेषा तुटत नाहीत, तर नव्याने जोडल्या कशा जातात?

प्रश्न : मी अमळनेर तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. चुंबकीय बलरेषा कोठेही संपत नाहीत आणि एकमेकींना छेदत नाहीत, असे आम्ही मुलांना सांगतो. लोहकीस पसरून उदासीन बिंदूही दाखवतो. सौरज्वालांविषयी वाचताना मात्र ‘बलरेषा तुटतात आणि पुन्हा जोडल्या जातात’ असे वाक्य आढळले. यांतले खरे काय?

उत्तर : आपण शिकवता तेच खरे आहे. ‘तुटणे’ हा शब्द केवळ सोयीचा आहे, आणि ऐकणाऱ्याच्या मनात दोर तुटल्याचे चित्र उभे राहत असल्याने तो फसवाही आहे.

आपल्याच प्रयोगापासून सुरुवात करू. दोन पट्टीचुंबक शेजारी शेजारी, पण ध्रुव उलटसुलट करून ठेवले, तर त्यांच्या मधोमध उदासीन बिंदू, म्हणजे दोन्ही क्षेत्रे एकमेकांना रद्द करतात ती जागा, मिळतो आणि तेथे रेषांची मांडणी फुलीसारखी (×) दिसते. काही रेषा स्वतःच्याच चुंबकाकडे परततात, काही शेजारच्याकडे जातात. चुंबक जवळ सरकवून कागदावर टिचकी मारली, की शेजाऱ्याकडे जाणाऱ्या रेषा वाढलेल्या दिसतात. म्हणजे रेषांनी जोडीदार बदलले, पण कोणत्याही क्षणी एकही रेषा तुटलेली नव्हती. हवेत या बदलाला अडवणारे काही नसते, म्हणून त्याची कोणी दखलही घेत नाही.

प्लाझ्मात, म्हणजे इलेक्ट्रॉन आणि आयन सुटे झालेल्या वायूत, मात्र अडवणूक होते. (भुसावळला इंजिनाच्या पेंटोग्राफवर रात्री उडणारी निळसर ठिणगी हाही प्लाझ्माच.) तो उत्तम सुवाहक असेल, तर क्षेत्र आणि द्रव्य एकमेकांना धरूनच हलतात, हे भौतिकशास्त्रज्ञ हान्नेस आल्फवेन यांनी 1940च्या दशकाच्या प्रारंभी दाखवले. एका रेषेवर ओवलेले कण त्याच रेषेवर राहतात, आणि म्हणूनच ‘ही कालचीच रेषा’ असे म्हणण्याला अर्थ येतो. आता विरुद्ध दिशांची दोन क्षेत्रे एकमेकांवर दाबली गेली, तर जोडीदार बदलता येत नसल्याने रेषा उदासीन बिंदूच्या दोन्ही बाजूंना साचतात, फुलीचा आकार चपटा होत जातो आणि मध्ये विद्युतप्रवाहाचा पातळ पडदा तयार होतो. फुली अशी मिटत जाते, हे जेम्स डंगी यांनी 1953 मध्ये मांडले.

पडद्यात किती प्रवाह वाहतो, हे आपल्या विद्यार्थ्यांनाही काढता येईल. दोन्ही बाजूंना 0.01 टेस्लाचे विरुद्ध क्षेत्र असेल, तर पडद्याच्या दर मीटर रुंदीमागे सुमारे 16,000 अँपिअर प्रवाह लागतो. गंमत अशी, की या आकड्यात जाडी कोठेच येत नाही. पडदा पातळ झाला, तरी तेवढाच प्रवाह कमी जागेत कोंबला जातो. तो पुरेसा दाटला, की अत्यल्प रोधही जाणवू लागतो, कण आपल्या रेषेवरून निसटतात आणि रेषेची ओळखच पुसली जाते. यालाच पुनर्जोडणी म्हणतात. पलीकडे निघालेल्या वाकलेल्या रेषा ताणलेल्या रबरासारख्या सरळ होताना प्लाझ्माला दोन्ही टोकांकडून वेगाने फेकतात.

खरी अडचण पुढे आहे. कळण्याच्या भाकरीचा उंडा तळहातांत दाबला की पीठ कडेने बाहेर येते; फट जितकी अरुंद, तितके ते हळू निघते. पीटर स्वीट (1956) आणि युजीन पार्कर (1957) यांच्या गणितात हीच फट आड येते. सौर किरीटात, म्हणजे सूर्याच्या बाहेरच्या विरळ आवरणात, 10,000 किलोमीटर लांबीचा पडदा आणि सेकंदाला 1,000 किलोमीटर वेग धरला, तर प्लाझ्माला हे अंतर ओलांडायला 10 सेकंद पुरतात. पण रोध इतका क्षीण, की पुनर्जोडणीला त्याच्या दहा लाख पट, म्हणजे जवळजवळ चार महिने लागायला हवेत. प्रत्यक्षात सौरज्वालेचा भडका काही मिनिटांत उडतो.

याचे एक उत्तर असे, की लांब आणि पातळ पडदा मुळात टिकतच नाही. तो जागोजागी फाटून त्याची चुंबकीय बेटे होतात, हे 1963 पासून माहीत आहे, आणि मग एका लांबलचक फटीऐवजी अनेक आखूड फटी मिळतात. दुसरे उत्तर विरळ प्लाझ्माचे आहे : तेथे आयन रेषेवरून आधी सुटतात, इलेक्ट्रॉन त्याहून बऱ्याच आतल्या चिंचोळ्या भागात. नासाच्या एमएमएस (मॅग्नेटोस्फेरिक मल्टिस्केल) मोहिमेतील चार याने 16 ऑक्टोबर 2015 रोजी, एकमेकांपासून जेमतेम दहा किलोमीटरवर राहून, पृथ्वीच्या चुंबकावरणाच्या सूर्याकडील सीमेवर नेमक्या अशाच भागातून गेली, आणि इलेक्ट्रॉन रेषांपासून सुटताना प्रथमच सविस्तर नोंदले गेले.