तो जीन बंदच केला तर?

प्रश्न : आदरणीय बाई, गेल्या पावसाळ्यात माझ्या यजमानांना (वय 67) लघवीच्या संसर्गातून सेप्सिस झालं. अकरा दिवस आयसीयूत होते. डॉक्टर म्हणाले, ‘जंतू आटोक्यात आलेत, पण त्यांच्या शरीरानेच जास्त गोंधळ घातलाय.’ आता ते बरे आहेत. माझा भाचा एमएस्सी करतोय. तो म्हणतो, उंदरांमध्ये टीएलआर-4 नावाचा एक जीन बिघडला की हा गोंधळ होतच नाही. मग माणसांत तो जीन बंद करणारं औषध का देत नाहीत? की हे सगळे प्रयोग फक्त उंदरांच्या कल्याणासाठी चालतात?
– एक वाचक, कराड

उत्तर : ताई, शेवटचं वाक्य वाचून मी मोठ्याने हसले. नोकरीची तीस वर्षं मी उंदरांच्या पिंजऱ्यांजवळच काढली, आणि ‘कल्याण’ हा शब्द काही त्यांच्या वाट्याला आला नाही.

भाचा सांगतो ते खरं आहे. तो ज्या उंदराबद्दल बोलतोय त्याचं नाव सी-3-एच/एचईजे. अमेरिकेत मेन राज्यात बार हार्बर नावाचं गाव आहे. तिथल्या जॅक्सन लॅबोरेटरीत हा वाण पिढ्यान्‌पिढ्या सख्ख्या भावंडांचं मीलन करून वाढवला जातो. 1960च्या आगेमागे त्या वाणात आपोआप एक चूक शिरली आणि कोणाच्या लक्षात आली नाही. 1965मध्ये दिसलं ते असं : काही जिवाणूंच्या बाहेरच्या आवरणात एंडोटॉक्सिन नावाचा पदार्थ असतो. तो इतर उंदरांना टोचला की ते काटा फुलवून कोपऱ्यात बसतात आणि मरतात. हे पठ्ठे मात्र खात-पीत फिरत होते. त्यांचे चुलतभाऊ, सी-3-एच/एचईएन, त्याच डोसला मरत. दिसायला दोघे अगदी सारखे. पिंजऱ्यावरची चिठ्ठी पडली तर मलाही ओळखता आले नसते.

ती चिठ्ठीच माझ्या डोक्यावर बसली होती एकदा. 1987ची गोष्ट. दोन्ही वाणांच्या पोटातून मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशी, धुऊन काढायच्या, त्यांना एंडोटॉक्सिन द्यायचं, आणि त्यांनी सोडलेलं पाणी दुसऱ्या एका जातीच्या पेशींवर रात्रभर ठेवायचं. मॅक्रोफेजनी टीएनएफ हे दाह भडकवणारं प्रथिन सोडलं असेल, तर त्या पेशी मरतात. सकाळी जांभळा रंग घालून नळाखाली हलक्या हाताने धुतलं, की जिवंत पेशींचे कप्पे जांभळे राहतात, मेलेल्यांचे पांढरे. एचईएनचे कप्पे पांढरे आणि एचईजेचे जांभळे यायला हवे होते. माझी सगळी प्लेट पांढरी! साहेब म्हणाले, ‘पिंजरे बदललेस.’ तीन वेळा केलं, तीनदा पांढरी. शेवटी शेजारच्या विभागातल्या एका बाईंनी फिनॉलने पुन्हा शुद्ध केलेलं एंडोटॉक्सिन दिलं, आणि एचईजेचे कप्पे वांग्यासारखे जांभळे निघाले. आमच्या बाटलीतल्या मालात जिवाणूंची प्रथिनं मिसळलेली होती. एचईजेच्या पेशी एंडोटॉक्सिनला बहिऱ्या होत्या, त्या प्रथिनांना नव्हत्या. साहेबांनी माफी मागितली नाही. चहा मात्र पाजला.

जीन कुठला हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं. चौथ्या गुणसूत्रावर कुठेतरी, एवढंच. धागा मिळाला तो माशीतून. फळांवर घोंघावणाऱ्या चिमुकल्या माशीत ‘टोल’ नावाचा जीन होता. जर्मनमध्ये टोल म्हणजे ‘भन्नाट’. अंड्यातल्या अळीची पाठ-पोट ठरवणारा जीन म्हणून तो ओळखला जाई. 1996मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गला ज्यूल्स हॉफमन यांच्या गटाने दाखवलं, की टोल बिघडलेली माशी बुरशीने मरते. पुढच्याच वर्षी अमेरिकेत मेडझिटोव्ह आणि जेनवे या शास्त्रज्ञांनी तसाच एक जीन माणसात दाखवला. आणि 1998मध्ये ब्रूस ब्यूटलर यांच्या डॅलसमधल्या गटाने, कित्येक वर्षं दोन हजारांवर उंदरांचा हिशेब ठेवत, एचईजेची चूक नेमकी पकडली. ती चूक टीएलआर-4च्या जीनमध्ये होती. टीएलआर म्हणजे ‘टोल-लाइक रिसेप्टर’, टोलसारखंच पेशीच्या दारावर बसून निरोप घेणारं प्रथिन. टीएलआर-4 हे 835 अमिनो आम्लांचं प्रथिन. त्यात 712व्या जागी प्रोलीन हवं, तिथे हिस्टिडीन बसलंय. एवढंच! ही जागा पेशीच्या आतल्या बाजूला आहे. म्हणजे दारावरचं बटण शाबूत आहे, ते दाबलंही जातं, पण आत घंटा वाजत नाही. घंटा वाजली असती तर आतल्या प्रथिनांनी एकामागोमाग निरोप केंद्रकापर्यंत पोचवला असता आणि टीएनएफ बाहेर पडलं असतं. ते बेसुमार झालं की रक्तवाहिन्या झिरपतात, रक्तदाब कोसळतो. तुमच्या यजमानांच्या डॉक्टरांचा ‘गोंधळ’ म्हणजे बहुतेक हाच. ब्यूटलर आणि हॉफमन यांना 2011चं नोबेल मिळालं, स्टाइनमन या तिसऱ्या शास्त्रज्ञाबरोबर.

आता तुमचा खरा प्रश्न. तो बंद का करत नाहीत?

भाच्याने एक गोष्ट सांगितली नाही, किंवा सांगितली आणि तुम्ही चहा टाकायला उठलात. या एचईजे उंदराला शुद्ध एंडोटॉक्सिन टोचलं तर तो जगतो, पण जिवंत साल्मोनेला टोचला तर चुलतभावापेक्षा कितीतरी कमी जंतूंत मरतो. त्याला चोर आलेला कळतच नाही. जंतू निवांत वाढतात. घंटा फार जोरात वाजली हा त्रास खरा, पण ती मुळातच तोडून ठेवलेलं घर मी तरी घेणार नाही.

तरीही औषध करून पाहिलं बरं का. एरिटोरान नावाचं. टीएलआर-4च्या जागेवर जाऊन बसणारं, एंडोटॉक्सिनला बसू न देणारं. गंभीर सेप्सिसच्या सुमारे दोन हजार रुग्णांवरच्या चाचणीचा निकाल 2013मध्ये आला. 28 दिवसांनंतरच्या मृत्यूंत फायदा दिसला नाही. मला त्याचं फारसं आश्चर्य वाटलं नाही. उंदराला आपण सकाळी दहाला विष टोचतो, वेळ वहीत लिहिलेली असते, आणि औषध हवं तर आधीच देता येतं. माणूस आयसीयूत पोचतो तेव्हा घंटा वाजून कित्येक तास झालेले असतात. शिवाय सगळ्याच जंतूंच्या अंगावर एंडोटॉक्सिन नसतं. आणि उंदीर भारी चिवट. त्याला मारायला किलोमागे मिलिग्रॅमच्या हिशेबात विष लागतं. निरोगी माणसाला हुडहुडी भरायला किलोमागे दोन-चार नॅनोग्रॅम पुरतात, आणि नॅनोग्रॅम म्हणजे मिलिग्रॅमचा दहा लाखावा भाग.

यजमानांना पुन्हा थंडी वाजून ताप आला, लघवी कमी झाली किंवा बोलण्यात असंबद्धपणा वाटला, तर ‘सकाळी बघू’ म्हणू नका, त्याच रात्री दवाखाना गाठा. आधी सेप्सिस होऊन गेलंय हे दारातच सांगा.

आणि भाच्याला विचारा, एंडोटॉक्सिनची बाटली प्रयोगात वापरण्याआधी त्याने एचईजेच्या पेशींवर तपासून घेतली का. नसेल, तर त्याची प्लेट पांढरी येईल तेव्हा मला फोन करायला सांगा.