व्हिसा दहा वर्षांचा, मुक्काम सहा महिन्यांचा

प्रश्न (नौपाडा, ठाणे) : मुलगा न्यू जर्सीत आहे. आम्हा दोघांकडे अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिजिटर व्हिसा आहे. सून बाळंत होणार आहे. वर्षभर राहता येईल? सहा महिन्यांनी कॅनडाला जाऊन परत आलं तर?

उत्तर : दहा वर्षं ही व्हिसाची मुदत आहे, राहण्याची नाही. किती दिवस राहायचं ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. ती तारीख आय-94 या नोंदीत असते. बी-2, म्हणजे तुमच्यासारख्या व्हिजिटर व्हिसावर सहसा सहा महिने मिळतात. पोहोचल्यावर पहिल्याच आठवड्यात मुलाकडून दोघांच्या नोंदी ऑनलाइन काढून घ्या. ज्याचा पासपोर्ट लवकर संपतो, त्याची तारीख आधीची पडू शकते.

कॅनडाची फेरी उपयोगाची नाही. तीस दिवसांच्या आत परतलात तर सहसा जुनीच आय-94 चालू राहते.

मुदतवाढीसाठी आय-539 अर्ज असतो. तो तारीख उलटण्यापूर्वी, शक्यतो 45 दिवस आधी करा. सोबत कारण, खर्चाची सोय, परतीचं तिकीट, ठाण्यातल्या घराचे आणि पेन्शनचे कागद जोडा. आजारपण, ऑपरेशन, बाळंतपणातली गुंतागुंत असेल तर डॉक्टरांचं पत्र लावा; नुसतं ‘नातवाजवळ राहायचंय’ हे कारण फार कच्चं. निकाल लागण्याआधी मूळ तारीख उलटली आणि अर्ज फेटाळला गेला, तर ताबडतोब निघावं लागतं, शिवाय दहा वर्षांचा व्हिसाही बाद होऊ शकतो. अर्ज न करता आय-94 ची तारीख उलटल्यानंतर 180 दिवसांहून जास्त राहिलात तर बाहेर पडल्यावर तीन वर्षं प्रवेशबंदी. वर्ष किंवा त्याहून जास्त राहिलात तर दहा वर्षं.

त्यापेक्षा सुनेच्या आईवडिलांशी बोलून पाळ्या लावा. दोन मुक्कामांत किती अंतर हवं हे नियमात लिहिलेलं नाही, पण पंधरा दिवसांत परत गेलात तर प्रश्न होणारच. जितके दिवस तिकडे, किमान तितके इकडे, हे धोरण सुरक्षित. नोव्हेंबर तिकडे जाणार असेल तर पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याची सोय निघण्यापूर्वी बघा.

प्रश्न (नेरुळ, नवी मुंबई) : मुलीने कॅनडाचं नागरिकत्व घेतलं. तिच्या भारतीय पासपोर्टची मुदत अजून बाकी आहे. दोन्ही ठेवता येतील? जुन्नरकडची शेती तिच्या नावे करायची आहे.

उत्तर : नाही. नागरिकत्व कायदा, 1955 च्या कलम 9 नुसार परदेशी नागरिकत्व स्वेच्छेने घेतलं की भारतीय नागरिकत्व आपोआप संपतं. त्यानंतर भारतीय पासपोर्टवर प्रवास करणं गुन्हा आहे, दंडही होतो. तिने आधी पासपोर्ट परत करून सरेंडर सर्टिफिकेट घ्यावं, मग ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डासाठी अर्ज करावा. ओसीआय म्हणजे दुहेरी नागरिकत्व नव्हे: येण्या-राहण्याची आजीवन मुभा आहे, मतदान नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही.

शेतीचं बक्षीसपत्र मात्र करू नका. ओसीआयधारकाला शेतजमीन बक्षीस म्हणून घेता येत नाही, वारशाने मात्र मिळू शकते. म्हणून मृत्युपत्र करा आणि त्यात सातबाऱ्यावरचे गट क्रमांक स्पष्ट लिहा. पुढे तिला ती विकायची झाली, तर भारतात राहणाऱ्या शेतकऱ्यालाच विकावी लागेल, हेही तिला आत्ताच सांगून ठेवा.