डिस्क गेलेली नाही, आणि उबुंटूही नीट बसलेलं आहे

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझ्या समजण्यात काही चूक असेल तर लगेच सांगता येईल. लालबागच्या ऑफिसात तुम्ही हिशेबाचं काम बघता, टॅली आणि जीएसटीसाठी विंडोज 11 होम लागतं, आणि शिकण्यासाठी त्याच लॅपटॉपवर उबुंटू 22.04 (लिनक्सची एक आवृत्ती) हवंय. लॅपटॉप इंटेलच्या दहाव्या पिढीचा, 512 जीबीची एनव्हीएमई एसएसडी (चिपवर चालणारी वेगवान डिस्क). 100 जीबी मोकळी करून पेनड्राइव्हवरून इन्स्टॉलर सुरू केला, तर तो 'आरएसटी (इंटेलची डिस्क सांभाळणारी सोय) बंद करा' म्हणून थांबला. मित्राच्या सांगण्यावरून बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या मूळ सेटिंग्जमध्ये, स्टोरेजची सेटिंग बदलून एएचसीआय (डिस्क थेट दाखवणारी साधी पद्धत) केली. इन्स्टॉलेशन शेवटपर्यंत गेलं, उबुंटू एकदा उघडलंही. पण विंडोज निळ्या स्क्रीनवर अडकलं. घाबरून सेटिंग परत पहिल्यासारखी केलीत. विंडोजने एक लांबलचक की मागितली, ती दिल्यावर ते चालू झालं. आता मेनूतून उबुंटू निवडलं की काळ्या स्क्रीनवर काही इंग्रजी ओळी येतात आणि कंसात 'इनिटरॅमएफएस' लिहून कर्सर लुकलुकत राहतो. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये 100 जीबीचा एक बिननावाचा भाग दिसतोय. तो डिलीट करून सगळं पहिल्यापासून करायचा तुमचा विचार आहे.

करू नका. तो बिननावाचा भाग म्हणजेच तुमचं उबुंटू. विंडोजला लिनक्सची फाइल सिस्टिम वाचता येत नाही, म्हणून त्याला ना अक्षर ना नाव. चुकून त्याला ड्राइव्हचं अक्षर दिलंत तर विंडोज लगेच 'ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करा' असा चौकोन दाखवेल. तिथे कॅन्सल. आणि तो भाग उडवलात तर सुरुवातीचा मेनूही जाईल, कारण ग्रबचा, म्हणजे तो मेनू दाखवणाऱ्या प्रोग्रामचा, छोटा तुकडा ईएफआय पार्टिशनमध्ये (डिस्कवरच्या बूटसाठीच्या छोट्या भागात) असला तरी मेनूची यादी तो त्या 100 जीबीतूनच वाचतो. मग लॅपटॉप सुरू केल्यावर नुसतं 'ग्रब' आणि पुढे रिकामी ओळ. आज निदान विंडोज उघडतंय, तेवढंही सहज उघडणार नाही.

खरं काय झालंय ते सांगतो. बायोसमध्ये ती सेटिंग 'रेड' किंवा 'आरएसटी प्रीमियम' असते तेव्हा इंटेलचा कंट्रोलर एनव्हीएमई डिस्क स्वतःच्या पोटात घेतो. विंडोजकडे इंटेलचा ड्रायव्हर असतो म्हणून त्याला ती दिसते. तुमच्या पिढीच्या लॅपटॉपवर लिनक्सला त्या पोटातलं दिसत नाही. काळ्या स्क्रीनवरच्या ओळी नीट वाचल्यात तर त्यात 'अलर्ट', मग अमुक यूयूआयडी (डिस्कच्या भागाचा ओळख क्रमांक) 'डझ नॉट एक्झिस्ट' असं असेल. उबुंटूचा कर्नल, म्हणजे त्याचा गाभा, सुरू झाला, स्वतःचं घर शोधायला गेला आणि पत्त्यावर डिस्कच सापडली नाही, एवढाच त्याचा अर्थ. मेनू मात्र दिसतो, कारण त्या टप्प्यावर डिस्क वाचायचं काम लॅपटॉपचं फर्मवेअर, म्हणजे बायोसच, करतं. एएचसीआय केलं की बरोबर उलटं होतं: लिनक्सला डिस्क दिसते, पण विंडोजने एनव्हीएमईचा साधा ड्रायव्हर बूटच्या वेळी लोड करायच्या यादीत ठेवलेला नसतो, म्हणून निळ्या स्क्रीनवर 'इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस'. दोन्ही सिस्टिम धडधाकट आहेत. एकच बटण दोघांपैकी एकालाच डिस्क दाखवतंय.

हे इतकं ठासून सांगतोय त्याला कारण आहे. 2021मध्ये माझ्या भाचीच्या लॅपटॉपला हेच झालं. मी गावी होतो, ती तो घेऊन एका दुरुस्तीच्या दुकानात गेली. तिथे निळी स्क्रीन बघून 'डिस्क गेली' म्हणाले, नवी घातली, साडेचार हजार घेतले. नशीब, जुनी डिस्क तिने मागून आणली होती. मुंबईत परतल्यावर लॅमिंग्टन रोडवरून एनव्हीएमईची यूएसबी कॅडी (डिस्क बाहेरून जोडायची डबी) आणली, त्यात ती च्युइंगगमच्या पट्टीएवढी डिस्क बसवली आणि माझ्या मशीनला लावली. तिचे तीन वर्षांचे प्रोजेक्ट, आजीच्या पंच्याहत्तरीचे फोटो, सगळं जसंच्या तसं. विंडोजही होतं आणि लिनक्सही. तेव्हापासून कुणीही 'पुन्हा इन्स्टॉल करतो' म्हटलं की मी आधी हात धरतो.

आता उपाय. विंडोजला एकदा सेफ मोडमधून एएचसीआयची ओळख करून द्यायची, मग सेटिंग कायमची एएचसीआयवर ठेवायची. सेफ मोडमध्ये विंडोज डिस्कचे साधे ड्रायव्हर लोड करतं, त्यात एनव्हीएमईचाही येतो, आणि एकदा तसं बूट झालं की पुढच्या वेळी तो आपोआप यादीत असतो. काम अर्ध्या तासाचं आहे, पण आधीची तयारी त्याहून मोठी आणि महत्त्वाची.

पहिली गोष्ट, ती की. ती 48 अंकी असते, आणि ती मागितली गेली याचा अर्थ तुमच्या विंडोजवर डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कवरचा डेटा कुलूपबंद ठेवायची सोय, चालू आहे. सेटिंग बदलल्यावर टीपीएमला (लॅपटॉपमधल्या सुरक्षेच्या चिपला) मशीन वेगळं वाटलं, म्हणून त्याने अडवलं. फोनवर मायक्रोसॉफ्ट अकाउंट उघडून ती की पुन्हा बघा, वहीत हाताने लिहून काढा आणि एकेक गट ताडून पाहा. त्याच लॅपटॉपवर सेव्ह केलेली की काही कामाची नाही. मग सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीखाली डिव्हाइस एन्क्रिप्शन बंद करा. डिस्कवरचं कुलूप पूर्ण निघायला वेळ लागेल. चार्जर लावून ठेवा आणि काम पूर्ण होईपर्यंत पुढची पायरी घेऊ नका.

दुसरी, टॅलीचा डेटा आणि रिटर्नची फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करा, आणि ती कॉपी दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. तुमचं काम तारखांवर चालतं, तेव्हा जीएसटी रिटर्नच्या 11 आणि 20 तारखांच्या धावपळीत याला हात लावू नका. 20 तारीख उलटल्यावरचा रविवार धरा.

तिसरी, मायक्रोसॉफ्ट अकाउंटचा खरा पासवर्ड आठवतोय ना? रोज पिनने उघडायची सवय असते, आणि सेफ मोडमध्ये कधी कधी पिन चालत नाही. मी स्वतः एका मित्राच्या घरी दादरला रात्री साडेअकराला याच जागी अडकलो होतो. शेवटी पासवर्ड त्याच्या बायकोला आठवला.

आणखी एक पाहून घ्या: लॅपटॉपच्या खोक्यावर किंवा बिलावर 'ऑप्टेन मेमरी' (डिस्कचा वेग वाढवणारी इंटेलची जोड) असं काही लिहिलंय का. खरोखर ऑप्टेन असेल तर आधी विंडोजमधल्या इंटेलच्या अॅपमधून ते बंद करावं लागतं, नाहीतर डेटाला धोका आहे. तसं असेल तर इथेच थांबा आणि मला सांगा. नुसतं बायोसच्या पर्यायात 'ऑप्टेन' हा शब्द असेल तर त्याला घाबरायचं कारण नाही, तो अनेक मशीनवर उगाच असतो.

मग मुख्य काम. विंडोजमध्ये रनच्या चौकोनात 'एमएसकॉन्फिग' टाइप करा, बूट टॅबमध्ये सेफ बूटवर टिक करा, खाली मिनिमल ठेवा, रीस्टार्ट करा. रीस्टार्ट होताना विंडोजला उघडू न देता थेट बायोसमध्ये जा. बहुतेक लॅपटॉपवर एफ2, काहींवर एफ10 किंवा डिलीट. स्टोरेजच्या पानावर एएचसीआय निवडा. 'डेटा जाऊ शकतो' अशी सूचना येईल. तुमच्या एकट्या डिस्कवर खरी रेड रचना (अनेक डिस्क एकत्र जोडणं) नाही, तेव्हा पुढे जा. सेव्ह करा, मेनूतून विंडोज निवडा. काळी पार्श्वभूमी आणि चारही कोपऱ्यांत 'सेफ मोड' दिसलं की जिंकलात. परत एमएसकॉन्फिग, टिक काढा, रीस्टार्ट. टिक काढायला विसरलात तर विंडोज दर वेळी सेफ मोडमध्येच उघडेल आणि काहीतरी बिघडलं असं वाटत राहील.

आता पुन्हा मेनूतून उबुंटू निवडा. काहीही नव्याने न टाकता ते उघडेल.

22.04ऐवजी उबुंटूची नंतरची आवृत्ती 24.04 घेतली असती तर हे टळलं असतं का, असंही तुम्ही विचारलंय. नाही, अडचण कंट्रोलरची आहे, आवृत्तीची नाही. 22.04ला 2027पर्यंत अपडेट मिळतात, तेव्हा आत्ता तेच राहू द्या. अकराव्या पिढीपासूनच्या लॅपटॉपवर हीच सेटिंग 'व्हीएमडी' नावाने येते आणि काही मॉडेलवर ती लपवलेली असते. दुसऱ्या कुणाला सल्ला द्याल तेव्हा हे लक्षात असू द्या.

सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त ओळखीचेच प्रोग्राम चालू देणारी सोय) बंद करायचा सल्ला तुम्हाला कुणी दिलाच तर ऐकू नका. उबुंटू ते चालू असताना नीट चालतं, आणि तुमच्या अडचणीशी त्याचा संबंध नाही.

दोन्ही सिस्टिम चालू झाल्यावर कंट्रोल पॅनलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असलं की 'शट डाउन' केल्यावरही विंडोज अर्धवट झोपलेलं असतं, आणि तशा अवस्थेत उबुंटूतून सी ड्राइव्हवर लिहिणं म्हणजे दुसऱ्याच्या उघड्या वहीत खाडाखोड करण्यासारखं आहे. आणि घड्याळ: उबुंटूतून विंडोजमध्ये आलात की वेळ साडेपाच तास मागे दिसेल, सकाळी अकराला साडेपाच. लिनक्स मशीनच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं, विंडोज तिलाच भारतीय वेळ समजतं. बॅकअपच्या फाइलींवर चुकीची वेळ पडली तर तुमच्या कामात गोंधळ होईल. उबुंटूच्या टर्मिनलमध्ये 'टाइमडेटसीटीएल' कमांडने 'सेट-लोकल-आरटीसी' 1 करा, प्रश्न मिटला.

शेवटी डिव्हाइस एन्क्रिप्शन परत चालू करा. रोज लोकलने लॅपटॉप घेऊन जाता, आणि त्यात लोकांचे पॅन नंबर आहेत. त्यानंतर ग्रबमधून विंडोज उघडताना की (आता ती नवी असेल) वारंवार मागितली गेली तर विंडोज थेट बायोसच्या बूट मेनूतून उघडत जा, तिथे 'विंडोज बूट मॅनेजर' वेगळं दिसेल.

रविवारी सुरू करण्याआधी बायोसच्या स्टोरेज पानाचा एक फोटो काढून इथे टाका. पर्यायांची नावं प्रत्येक कंपनीची निराळी असतात. कोणत्या ओळीला हात लावायचा ते त्या फोटोवरून सांगतो.