अपूर्णांकांची शाब्दिक उदाहरणं एक्स न मांडता कशी समजवावीत?

तुम्ही दिलेलं उदाहरण असं: दुकानदाराने गठ्ठ्यातल्या 2/5 चादरी सोमवारी विकल्या, उरलेल्यांपैकी 1/3 मंगळवारी. 24 शिल्लक राहिल्या, तर एकूण किती? पाचवीतल्या मुलीचं उत्तर 90 येतंय आणि चूक काही सापडत नाही.

सापडणार कशी? आकडेमोड बरोबरच आहे तिची. 2/5 आणि 1/3 मिळवले, 11/15 झाले. राहिले 4/15, ते म्हणजे 24, म्हणून 90. फक्त 'उरलेल्यांपैकी' हा शब्द डोळ्याखालून निसटला. परीक्षेत उत्तरांचे पर्याय काढणारेही बेरकी असतात, 90 तिथे बहुतेक वेळा ठेवलेला असतोच.

मी सोलापुरात पूर्व भागात घरीच शिकवणी घेतो, बाजूला पॉवरलूमचा खडखडाट. माझा नियम एकच: अपूर्णांक दिसला की पोरांनी मोठ्याने विचारायचं, "कशाचा?" 2/5 कशाचे? सगळ्या गठ्ठ्याचे. 1/3 कशाचा? "उरलंय तेवढ्यातला की ओ सर!" हे एकदा तोंडातून आलं की अर्धं काम झालं.

मग वहीत एक लांब पट्टी काढायची. (आधी मी कडक भाकरी मोडून दाखवायचो. ती वेडीवाकडी मोडते, आणि मोठा तुकडा कुणाला यावरून भांडणं. शेंगाचटणी संपली, अपूर्णांक राहिले तसेच.) छेद 5, म्हणून पट्टीचे 5 सारखे भाग. 2 खोडा. उरले 3. त्यांचा 1/3 म्हणजे 1 भाग, तोही खोडा. राहिले 2 भाग, त्यांत 24 चादरी. एका भागात 12, पाच भागांत 60. ताळा: 60 मधून 24 गेल्या, 36 राहिल्या, त्यातून 12 गेल्या, 24 राहिल्या.

मंगळवारी 1/3 ऐवजी 1/4 असता तर? 3 भागांचे चार वाटे सरळ पडत नाहीत. तेव्हा प्रत्येक भागाचे 4 तुकडे करायचे: एकूण 20, सोमवारी 8 गेले, उरलेल्या 12 पैकी 3 गेले, 9 राहिले. मुलं छेद समान करतात ते नेमकं हेच, पण पाठ करून करतात.

आणि सगळीकडे 'उरलेले' शोधायची सवयही नको. भास्कराचार्यांच्या लीलावतीत (1150) भुंग्यांचं उदाहरण आहे: थव्याचा 1/5 कदंबावर गेला, 1/3 शिलींध्राच्या फुलांवर, या दोन संख्यांमधल्या फरकाच्या तिप्पट कुड्यावर, आणि एकटा भुंगा हवेतच घुटमळतोय. इथे 1/5 आणि 1/3 दोन्ही अख्ख्या थव्याचेच, त्यामुळे खुशाल मिळवा. या वेळी पट्टीचे भाग 15 करायला सांगा. उत्तरही 15 च येतं, पण ते तिला आधी सांगू नका.