चार नंबरच्या हलक्या फ्लाय रॉडला तोल साधणारे रीळ कसे निवडावे?

आपण घोडबंदर रोडला राहता, साडेआठ फुटी, चार नंबरच्या लाइनचा आणि साधारण ८० ग्रॅम वजनाचा फ्लाय रॉड (म्हणजे ‘फ्लाय’ हे पिसा-दोऱ्याचे हलके कृत्रिम आमिष लाइनच्या वजनाने फेकायची काठी) आपल्याकडे आला आहे, मार्चअखेर हिमाचलातल्या तीर्थन खोऱ्यात ट्राउटसाठी जायचे आहे आणि उरलेले वर्ष ठाण्याच्या आसपासच गळ टाकायचा आहे, असे आपल्या प्रश्नावरून समजते. विक्रेत्याने ९० ग्रॅमचे रीळ सुचवले आणि ‘रॉड हलका, तेव्हा रीळ जितके हलके तितके उत्तम’ असे सांगितले. ते खरे आहे का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते ते खरे नाही. मी नेरुळला राहतो आणि हलक्या रॉडवरची मासेमारी मला मनापासून आवडते. त्या अनुभवावरून सांगतो की, आपल्या रॉडला किती वजनाचे रीळ हवे हे खरेदीच्या आधी घरच्या घरी मोजून काढता येते, आणि तो आकडा हातात आल्यावर बाकीची निवड बरीच सोपी होते.

हा प्रश्न शाळेत शिकलेल्या तरफेच्या नियमाने सुटतो. मुठीवर आपली तर्जनी जिथे टेकते तो टेकू समजावा. त्याच्या पुढे रॉडचा लांबलचक भाग आहे आणि मागे, अगदी थोड्या अंतरावर, रीळ आहे. रॉड लांब असल्यामुळे त्याचे थोडेसे वजनही दूरवरून काम करते, तर रिळाच्या वाट्याला जेमतेम वीतभर अंतर येते. म्हणून रीळ रॉडपेक्षा जड असणे हे स्वाभाविकच आहे. मोजण्यासाठी रॉड जोडावा, त्यावर रीळ न बसवता तो बोटावर आडवा तोलून त्याचा तोलबिंदू शोधावा आणि तिथे पेन्सिलीने हलकी खूण करावी. मग मुठीवरच्या टेकूपासून त्या खुणेपर्यंतचे अंतर आणि त्याच टेकूपासून रीळ बसवण्याच्या जागेच्या मध्यापर्यंतचे अंतर, अशी दोन मापे घ्यावीत. समजा, पहिले अंतर ३६ सेंटिमीटर आणि दुसरे १६ सेंटिमीटर आले. ८० गुणिले ३६ म्हणजे २८८०, त्याला १६ ने भागले की १८० ग्रॅम येतात. हे वजन लाइन आणि बॅकिंग (लाइनच्या आधी रिळावर गुंडाळायची बारीक दोरी) भरलेल्या रिळाचे आहे. चार नंबरची पूर्ण लाइन आणि माफक बॅकिंग मिळून ढोबळमानाने ३० ग्रॅम धरले, तर रिकामे रीळ १५० ग्रॅमच्या आसपास हवे. विक्रेत्याने सुचवलेले ९० ग्रॅमचे रीळ या हिशेबात ६० ग्रॅमने कमी पडते, आणि ती तूट दिवसभर आपल्या मनगटाला भरून काढावी लागेल. आपल्या रॉडची मापे थोडी वेगळी येतील. मुठीची लांबी आणि रीळ मागे सरकवून बसते की पुढे, यावर ती अवलंबून असतात.

आकड्यावर विश्वास बसत नसेल तर स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर १८० ग्रॅम तांदूळ मोजून एका लहान पिशवीत घट्ट बांधावेत आणि ती पिशवी रिळाच्या जागी रबर बँडने पक्की करावी. लाइन आधीच घेतली असेल तर ती कड्यांतून ओवून हातभर शेंड्याबाहेर सोडावी. आता रॉड नदीकाठी धरतात तसा, शेंडा किंचित वर ठेवून, दहा मिनिटे धरून पाहावा. मग तांदूळ कमी-अधिक करून पुन्हा पाहावे. हात फार लवकर उत्तर देतो. शेंडा खाली ओढत असल्याची जाणीव ज्या वजनाला नाहीशी होते, ते आपले वजन. त्यात पाच-दहा ग्रॅमचा फरक पडला तरी बिघडत नाही, परंतु फरक करायचाच तर किंचित जड बाजूला करावा. याचे कारण असे की, लाइन बाहेर गेली की रिळातले वजन घटते आणि पुढचे वाढते. लाइनचा नंबर तिच्या पहिल्या ३० फुटांच्या वजनावरून ठरतो. चार नंबरसाठी ते १२० ग्रेन, म्हणजे पावणेआठ ग्रॅमच्या आसपास असते. एवढे वजन मागून पुढे गेल्याचा परिणाम हलक्या रॉडवर चांगलाच जाणवतो.

तोल म्हणजे काय साधते आणि काय साधत नाही, हेही स्पष्ट सांगायला हवे, कारण याविषयी फार अतिशयोक्ती ऐकू येते. बुडाशी वजन वाढवल्याने शेंड्याचे जडत्व कमी होत नाही. लाइन फेकताना रॉड बहुतेक वेळ उभा किंवा उभ्याच्या जवळ असतो आणि हालचाल वेगाची असते. त्या क्षणी रिळाच्या तोलाचा वाटा कमी आणि रॉडच्या स्वतःच्या घडणीचा जास्त असतो. तोलाचा खरा उपयोग रॉड आडवा धरून थांबण्याच्या वेळी होतो, आणि तीर्थनसारख्या दगडधोंड्यांतून उड्या घेत जाणाऱ्या नदीत नेमके तेच अधिक करावे लागते: जवळच्या वळणात पाण्याखालची फ्लाय सोडायची, शेंडा उंच ठेवून लाइन प्रवाहापासून वर धरायची आणि तिच्याबरोबर हात पुढे न्यायचा. दहा-अकरा फुटी हलके रॉड घेऊन याच पद्धतीने मासेमारी करणारे लोक मुद्दाम जड रीळ का लावतात, ते यावरून कळते. उलट आपण बहुतांश वेळ कोरडी, तरंगणारी फ्लाय सतत फेकत राहणार असाल, तर एकूण वजन कमी ठेवण्याकडे थोडे झुकायला हरकत नाही.

वजन ठरल्यावर आकार पाहावा. रिळावर बहुधा दोन नंबर लिहिलेले असतात, जसे तीन-चार, चार-पाच किंवा पाच-सहा. आपल्या रॉडला चार-पाच नंबरचे रीळ योग्य ठरेल, आणि त्या मापात १५० ग्रॅमचे चांगले रीळ मिळाले नाही तर पाच-सहाचेही चालेल; रिकामी जागा थोड्या जास्त बॅकिंगने भरून काढता येते आणि तेवढेच वजनही वाढते. भरल्यानंतर लाइन आणि चौकट यांच्यामध्ये पाच-सहा मिलिमीटर मोकळे राहायला हवेत, नाहीतर घाईत एका बाजूला गुंडाळलेली लाइन चौकटीला घासते. मोठ्या गाभ्याचे, म्हणजे लाइन ज्याभोवती गुंडाळते तो मधला भाग जाड असलेले, रीळ घ्यावे असा माझा आग्रह आहे. सात सेंटिमीटर व्यासावर एका फेऱ्यात २२ सेंटिमीटर लाइन आत येते, चार सेंटिमीटरवर साडेबारा. पण वेगापेक्षाही महत्त्वाचे म्हणजे मोठ्या वेढ्यात राहिलेल्या लाइनला पीळ आणि वळी कमी पडतात. थंड पाण्यात लाइन ताठ होते, तेव्हा हा फरक डोळ्यांना दिसतो.

ड्रॅगविषयी, म्हणजे मासा लाइन ओढतो तेव्हा रीळ जो अडसर देते त्याविषयी, विक्रेते सर्वांत जास्त बोलतात, आणि चार नंबरच्या रॉडपुरते ते बोलणे बरेचसे अनावश्यक असते. आपण ५एक्स टिपेट (फ्लाय बांधतात तो शेवटचा बारीक धागा) वापराल, ज्याचा व्यास ०.१५ मिलिमीटर असतो. एवढ्या बारीक धाग्यावर जोरकस ड्रॅग लावताच येत नाही. हवा असतो तो सौम्य आणि अडखळल्याशिवाय सुरू होणारा ड्रॅग. दुकानात रीळ हातात घेऊन ड्रॅग अगदी कमी करावा आणि लाइनचे टोक सावकाश ओढावे. स्पूल, म्हणजे लाइन गुंडाळलेला फिरता भाग, आधी अडून मग एकदम सुटत असेल तर ते रीळ परत ठेवावे, कारण बारीक टिपेट नेमके त्या पहिल्या हिसक्यालाच तुटते. मग टोक झटक्यात ओढून सोडावे. स्पूल स्वतःहून फिरत राहून लाइनचा गुंता करत असेल तर तेही नको. या दोन्ही कसोट्या जुन्या पद्धतीचे, दातेरी चाक आणि खिटीचे साधे रीळसुद्धा उत्तम पार करू शकते. हार्डी या इंग्लिश कंपनीचे ‘परफेक्ट’ रीळ १८९१ पासून याच तत्त्वावर चालत आले आहे आणि डोंगरी नदीतल्या ट्राउटला आजही ते पुरेसे आहे.

मात्र उरलेले वर्ष आपण हे रीळ ठाण्यातच वापरणार आहात, आणि इथे माझे मत बदलते. तलावातल्या तिलापियासाठी, म्हणजे बाजारातल्या चिलापीसाठी, साधे रीळ चालेल. परंतु खाडीचे पाणी निमखारे आहे आणि त्यात बारीक गाळ असतो. तो गाळ उघड्या ड्रॅगमध्ये शिरला की चकत्या खरखरू लागतात आणि मीठ स्क्रूंपासून गंज धरायला सुरुवात करते. खाडीकाठी एकदाही उतरायचा विचार असेल तर बंदिस्त ड्रॅगचे, अखंड अ‍ॅल्युमिनिअममधून कातलेले आणि अ‍ॅनोडाइझ केलेले (पृष्ठभागावर संरक्षक थर दिलेले) रीळच घ्यावे. ओतीव रीळ स्वस्त पडते, पण खडकावर आपटले की त्याला तडा जाण्याची शक्यता अधिक असते. मॅग्नेशिअमचे रीळ वजनाला मोहक असले तरी खाऱ्या पाण्यासाठी घेऊ नये. तो धातू मिठाने फार लवकर खराब होतो. जिताड्याचा मोह मात्र या रॉडवर धरू नका. त्याला आठ नंबरचा रॉड आणि वेगळे रीळ लागते. चार नंबरवर मासा दमून मरतो आणि रॉडही धोक्यात येतो. ठाणे खाडीतल्या फ्लेमिंगो अभयारण्याच्या हद्दीत हौसेचा गळ घेऊन जाऊ नये आणि शहरातल्या कोणत्याही तलावावर आधी परवानगी विचारावी, हेही इथेच सांगतो.

घडणीचा दर्जा पाहायला फार वेळ लागत नाही. स्पूल दोन बोटांत धरून हलवावे; बाजूला खुळखुळत असेल तर आस सैल आहे. स्पूल आणि चौकट यांच्यातली फट इतकी अरुंद हवी की लीडर (लाइनच्या टोकाला जोडलेला, निमुळता होत जाणारा धागा) त्यात घसरून अडकू नये. दांड्याच्या समोर तोलासाठी वजन बसवलेले असावे, नाहीतर वेगाने फिरताना रीळ थरथरते आणि ती थरथर हलक्या रॉडमध्ये थेट मुठीपर्यंत पोहोचते. स्पूलला भोके असणे केवळ शोभेसाठी नाही. १८७४ मध्ये ऑर्व्हिस या अमेरिकन कंपनीने सच्छिद्र, अरुंद स्पूलच्या रिळाचे पेटंट घेतले तेव्हापासून ती रचना टिकून आहे, कारण त्यातून हवा खेळते आणि आतली लाइन सुकते. ठाण्याच्या पावसाळ्यात, जिथे चार महिने काहीच नीट वाळत नाही, हा गुण मला विशेष मोलाचा वाटतो. त्याच कारणासाठी ओले रीळ त्याच्या जाड पिशवीत बंद करून ठेवू नये: गोड्या पाण्याच्या हलक्या धारेखाली धुवावे, स्पूल काढून पंख्याखाली वाळवावे, बॅकिंगपर्यंत ओल गेली असेल तर लाइन उतरवून मोकळी करावी आणि ड्रॅग पूर्ण सैल करून मगच ठेवावे.

खर्चाबाबत एवढेच सुचवतो की, सगळे पैसे रिळात घालू नयेत. हलक्या रॉडवर लाइन चांगली असेल तर मध्यम किमतीचे रीळही समाधान देते, पण भिकार लाइनला कोणतेही महागडे रीळ सावरू शकत नाही. आपण आधीच ९० ग्रॅमचे रीळ घेऊन टाकले असेल तर ते विकायची घाई नको. बॅकिंगच्या खाली, गाभ्याला लागून, शिशाचा गाभा असलेली दोरी सारख्या थराने गुंडाळून ३०-४० ग्रॅम वाढवता येतात. थर एकसारखा ठेवावा, म्हणजे स्पूल डगमगणार नाही, आणि वाढलेल्या जाडीइतके बॅकिंग कमी करावे.

मागवण्यापूर्वी आपण कोणत्या हाताने दांडा फिरवणार हे ठरवून विक्रेत्याकडून रीळ त्या बाजूला बदलता येते का हे विचारून घ्या, आणि त्याच रिळाचे जादा स्पूल मिळते का तेही पाहा. तीर्थनसाठी तरंगणारी लाइन एका स्पूलवर आणि तलावाच्या खोल पाण्यासाठी सावकाश बुडणारी दुसऱ्यावर ठेवली की दोन्हीकडे तेच रीळ आणि तोच तोल कायम राहतो.