पुराच्या चार दिवसांचे 800 रुपये

ताई,

मी 44 वर्षांची, नाशिकला गंगापूर रोडला राहते. सातपूरच्या एका कंपनीत एचआरचं काम बघते. नवराही नोकरीत. दोघांचे मिळून महिन्याला 1,90,000 घरात येतात. माझे वडील तंबाखूपायी गेले, तोंडाचा कॅन्सर होता. तेव्हापासून मी ठरवलं की आपला पैसा आपल्या तत्त्वांना धरूनच खर्च व्हायला हवा आणि साठायलाही हवा. एक्सेलमध्ये प्रत्येक खर्चापुढे रंग भरते. तत्त्वाला धरून असेल तर हिरवा, नसेल तर लाल. सिगारेटच्या कंपनीचं पाकिटातलं पीठ बंद केलं, आता गहू आणतो आणि स्वयंपाकाच्या मावशी येताना दळण घेऊन येतात. मावशी पंचवटीत नदीकाठी राहतात, 11 वर्षं आमच्याकडे आहेत, अगदी घरच्यासारख्या. त्यांना दिवाळीला एक पगार बोनस देते. एका अनाथाश्रमाला दरमहा देणगी जाते. हे सगळं हिरव्यात. बाकी खर्चावर माझं लक्ष बारीक असतं. मावशींचे खाडेसुद्धा कॅलेंडरवर मांडून दिवसाचे 200 प्रमाणे कापते, महिन्याला दोन-तीन होतातच, परवाच्या पुराचे चारही धरले.

आता खरा प्रश्न. आमची दरमहा 35,000 ची गुंतवणूक (एसआयपी) निफ्टीच्या इंडेक्स फंडात, म्हणजे निफ्टीतल्या सगळ्या कंपन्यांचे शेअर घेणाऱ्या फंडात होती, दोघांच्या नावावर वेगवेगळी. त्यात आयटीसी, म्हणजे तीच सिगारेटची कंपनी, आहे हे कळल्यावर मी माझी युनिट्स विकून टाकली. नवरा त्याची विकायला तयार नाही. म्हणतो, "तुझ्या तत्त्वांचा भुर्दंड मी का भरू?" तीन आठवडे आमच्यात धड बोलणं नाही. त्याला कसं पटवू? आणि माझे पैसे आता ईएसजी फंडात, म्हणजे पर्यावरण, समाज आणि कारभार बघून कंपन्या निवडणाऱ्या फंडात, घालू का?

— एक हिशेबी वाचक, नाशिक

तुमच्या पत्रात पुराला अर्धं वाक्य मिळालंय, आणि मी उत्तर त्या अर्ध्या वाक्याला देणार आहे. बाकीचं त्यानंतर.

गंगापूर धरणातून पाणी सोडलं की नाशिकमध्ये जो तो एकच विचारतो, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत आलं? गुडघ्याला, कमरेला की गळ्याशी? मग आपण गंगापूर रोड, कॉलेज रोडवरची मंडळी गाड्या काढतो आणि पूर बघायला जातो. पुलावर उभं राहून फोटो काढतो, भाजलेलं कणीस खातो, तासाभरात घरी. नदीकाठी राहणाऱ्या बाईचा पूर असा तासाभराचा नसतो. भोंगा वाजला की आधी धान्याचा डबा, रेशनकार्ड आणि गॅसची टाकी उचलायची. म्हातारं माणूस असेल तर त्याला धरून वर न्यायचं. रात्र एखाद्या शाळेच्या वर्गात किंवा नातेवाइकाच्या घरी काढायची. पाणी उतरलं की पुढचं काम सुरू, कारण गोदावरी जाताना गाळ ठेवून जाते. तो खरवडायचा, भिंती धुवायच्या, भिजलेल्या गाद्या उन्हात टाकायच्या, आणि ऊन पडतच नसतं.

मावशींच्या घरात पाणी शिरलं होतं का? तुम्ही लिहिलेलं नाही. विचारलंत का, तेही लिहिलेलं नाही. 11 वर्षं तुमच्या घरच्या पोळ्या लाटणाऱ्या बाईच्या त्या चार दिवसांबद्दल तुमच्या पत्रात 800 रुपये कापले एवढीच नोंद आहे. मला राग आलाय, आणि तो मी लपवणार नाही.

आता तुमचाच हिशेब घेऊन बसू, कारण तुम्हाला हिशेब कळतो. दिवसाचे 200 म्हणजे महिन्याच्या 6,000 पगाराला 30 ने भागलंत. म्हणजे पगार तिसाच्या तीस दिवसांचा, त्यात रविवारसुद्धा धरलेला. तुम्ही स्वतः सातपूरला महिन्यात निदान चार दिवस हक्काने जात नाही, आणि त्या चार दिवसांत तुमच्या पगारातून छदाम कापला जात नाही. मावशींच्या दोन-तीन दिवसांना तुम्ही खाडे म्हणता. आठवड्याची साधी सुट्टीसुद्धा त्यांनी पूर्ण घेतलेली नाही, आणि घेतली तेवढीचे पैसे भरले.

पुढे चला. महिन्याला दोन-तीन, सरासरी अडीच धरू. अडीच गुणिले बारा, 30 दिवस. 30 दिवसांचे 6,000 रुपये. म्हणजे वर्षभरात तुम्ही मावशींचा बरोबर एक पगार कापता आणि दिवाळीला बरोबर एक पगार बोनस म्हणून हातावर ठेवता. तुमच्या एक्सेलमधला तो हिरवा रकाना मावशींच्याच पैशाने भरलाय. हे तुम्ही मुद्दाम केलंत असं मी म्हणत नाही. पण इतकं बारीक लक्ष असलेल्या बाईला ही बेरीज दिसू नये, याचं कारण शोधा. मला वाटतं कारण साधं आहे. कापलेले पैसे खर्चाच्या यादीत येतच नाहीत, त्यामुळे त्यांना रंग द्यायची वेळ तुमच्यावर कधी आलीच नाही.

आणि ते दळण. तुमच्या तत्त्वासाठी पाकिटातलं पीठ बंद झालं, चांगलं झालं. पण गिरणीवरून पाच-दहा किलोचा डबा रोज कामावर चालत येणाऱ्या बाईच्या कमरेवर आला. त्याचे वेगळे पैसे देता का? तुमचा त्याग कोणाच्या अंगावर पडतोय, ते बघायला हवं होतं.

तुम्ही एचआरमध्ये आहात, म्हणून हे तुम्हाला माझ्याहून जास्त ठाऊक असणार. 20 दिवस कामाला 1 दिवस भरपगारी रजा, हे सूत्र 1948 च्या कारखाने कायद्यापासून आपल्याकडे आहे. दुकानं आणि कार्यालयांसाठीचा महाराष्ट्राचा 2017 चा कायदा वर्षाला 8 नैमित्तिक रजा देतो, सणांच्या 8 भरपगारी सुट्ट्या देतो, आठवड्याची सुट्टी वेगळी. यातलं काहीही मावशींना लागू होत नाही. घरकाम करणाऱ्यांसाठी राज्याने 2008 मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला, पण तो मुख्यतः नोंदणीचा आणि कल्याण योजनांचा. खाडा कापावा की कापू नये याबद्दल तो गप्प आहे. पुण्यातल्या मोलकरणी 1980 साली संपावर गेल्या होत्या, त्या लढ्यातून त्यांची संघटना उभी राहिली, आणि पगारवाढीबरोबर भरपगारी सुट्टी हीसुद्धा त्यांची मागणी होती. त्यानंतर इतकी वर्षं गेली. जानेवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला घरकामगारांच्या कायद्याचा विचार करण्यासाठी समिती नेमायला सांगितलं, इथवर आपण आलोय. तोपर्यंत मावशींना रजा द्यायची की नाही, हे तुमच्या घरात फक्त तुम्ही ठरवता. कंपनीत शेकडो लोकांच्या रजा तुमच्या सहीने मंजूर होत असतील. इथे एकाच बाईची करायची आहे.

तुमच्या मनात आत्ता काय आलं असेल ते मला माहीत आहे. "पण त्या न सांगता दांडी मारतात, मग माझे हाल होतात." होत असतील. पण सांगूनही 200 जाणार आणि न सांगताही 200 जाणार, तर त्यांनी कशासाठी सांगायचं? उलट आधी सांगितलं की तुमचा चेहरा दोनदा बघावा लागतो, सांगताना एकदा आणि कापताना एकदा. रजा हक्काची झाली की माणूस आदल्या दिवशी सांगतं.

तर करायचं असं. येत्या 1 तारखेला मावशींना पूर्ण पगार द्या आणि पुराचे 800 परत करा. त्याच दिवशी सांगा की इथून पुढे महिन्याला चार दिवस सुट्टी भरपगारी, पूर आला, घरात कोणी आजारी पडलं तर ते दिवस वेगळे, आणि कॅलेंडरवर खाडे मांडणं बंद. दिवाळीचा बोनस आहे तसाच राहील. दळण तुम्ही किंवा तुमचे यजमान आणतील.

सांगाल कसं, यावर थोडं बोलते, कारण इथेच घोळ होतो. पैसे पाकिटात घालून मदत म्हणून देऊ नका. पूरग्रस्तांना द्यायच्या देणगीत ते बसत नाहीत. "पुराचे पैसे मी कापले ते चुकलं, हे तुमच्या पगारातले आहेत," एवढंच म्हणा. त्या कदाचित नको म्हणतील, किंवा घेतील आणि दोन दिवस जरा जपून वागतील. मालकिणीचं मन अचानक बदललं की कामाच्या बाईला आधी भीती वाटते, आज दिलं ते उद्या कशाच्या बदल्यात मागतील. म्हणून तोंडी ठेवू नका. एका कागदावर चार ओळी मराठीत लिहा, सुट्टीचे दिवस, पगार, बोनस, दरवर्षी पगार किती वाढणार तेही, आणि कागद त्यांच्याकडे द्या. आभार मानायला लागल्या तर विषय बदला, आणि घरात किती नुकसान झालं ते विचारा. ऐकताना हातात मोबाइल नको.

आणि कृपा करून लगेच योजनांचे फॉर्म घेऊन त्यांच्यासमोर बसू नका. तुमचा स्वभाव पाहता तुम्ही ते कराल अशी मला धास्ती आहे. वर्षाला 20 रुपये हप्त्याचा प्रधानमंत्री सुरक्षा विमा आहे, अपघाती मृत्यूला 2 लाख मिळतात, 18 ते 70 वयाला चालतो, बँकेत खातं असलं की होतो. चांगला आहे, जरूर सांगा, पण महिनाभराने. ज्या हाताने परवा 800 कापले त्या हाताने आज विम्याचा फॉर्म पुढे केला तर मावशींना त्यात काय दिसेल?

आता तुमचा फंड. वडिलांना त्या आजारात जाताना बघितलंत, त्या दुःखाला काहीतरी करायचं होतं, आणि हातात हिशेबाची वही होती. यात मला काहीच चूक दिसत नाही. युनिट्स विकलीत, बरोबर केलंत. ज्या कंपनीचा नफा खात्यात आला की वडील आठवतात, तिचे शेअर जवळ ठेवू नयेत. फक्त त्याने काय झालं आणि काय झालं नाही ते नीट बघा. तुमच्या फंडाने ते शेअर बाजारात विकले, दुसऱ्या कोणी घेतले, कंपनीच्या तिजोरीतून रुपया हलला नाही. तुमचा पीएफ ईपीएफओ या सरकारी भविष्यनिर्वाह निधी संघटनेकडे जात असेल तर त्या निधीचाही काही भाग 2015 पासून सेन्सेक्स आणि निफ्टीच्या ईटीएफमध्ये, म्हणजे तशाच निर्देशांकाच्या फंडांमध्ये, जातो, आणि निफ्टीत आयटीसी आहेच. तो तुम्हाला काढता येणार नाही. म्हणजे पूर्ण सोवळं इथे कुणालाच जमत नाही, तुम्हालाही नाही, आणि त्यासाठी तीन आठवडे घरात अबोला धरणं मला पटत नाही.

ईएसजी फंड घ्यायचा तर घ्या. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने 2023 मध्ये या फंडांचे सहा उपप्रकार केले, त्यात ठरावीक धंदे वगळणारा एक आहे, तो तुमच्या कामाचा. पण नावावर जाऊ नका. योजनेच्या माहितीपत्रकात नेमकं काय वगळलंय ते वाचा आणि दर महिन्याला जाहीर होणारी शेअरची यादी स्वतः डोळ्यांखालून घाला. दारू, तंबाखू, काय नको ते तुम्ही ठरवा. हे वाचन तुम्ही उत्तम कराल याची मला खात्री आहे.

नवऱ्याला पटवायची युक्ती मी देणार नाही. त्याची युनिट्स त्याची. त्याच्या वाक्यातला भुर्दंड हा शब्द तुम्हाला झोंबला असणार, पण तो शब्द त्याच्याआधी कोणी वापरायला हवा होता याचा विचार करा. 11 वर्षं तुमच्या काटेकोरपणाचा भुर्दंड भरणारं माणूस तुमच्या स्वयंपाकघरात होतं, आणि ते तक्रार करत नव्हतं. नवराही त्याच घरात राहत होता, त्यानेही ते कॅलेंडर रोज बघितलंय, तेव्हा त्याच्या बाजूने मी काही बोलावं असं त्यानेही काही केलेलं नाही. 1 तारखेला मावशींशी बोलाल तेव्हा त्याला शेजारी बसवा. दोघांच्या पगारातून जाणारे पैसे आहेत, दोघांनी सांगावेत.

यानंतरही फंडावरून भांडण उरलं तर दिवाळीनंतर पुन्हा लिहा. पत्रात मावशींच्या घरी पाणी कुठपर्यंत आलं होतं तेही लिहा.