यवतमाळकडच्या खेड्यात घरी पूल टेबल आहे, कापडावर पांढरे ठिपके पडलेत. धुवावं की बदलावं?

धुवू तर नकाच, आणि फाटलं नसेल तर एवढ्यात बदलूही नका. ब्रेक, म्हणजे डावाचा पहिला जोरदार फटका, मारतो तिथले बारीक पांढरे ठिपके म्हणजे मळ नाही, घर्षणाच्या उष्णतेने कापड भाजल्याच्या खुणा आहेत. त्या निघत नाहीत, खेळालाही फारशा आड येत नाहीत. तालुक्याच्या क्लबातली दोन टेबलं मी सांभाळतो. खेळ संपला की काठीच्या टोकाला लावतो त्या चॉकची भुकटी मऊ ब्रशने एकाच दिशेने झाडायची, गोल गोल घासायचं नाही. पोरांना कॅरमची पावडर टाकायची सवय असते, ती आधी मोडा. उन्हाळ्यात कूलरचं तोंडही टेबलाकडे नको: कापडात लोकर असते, ती ओल धरते अन् बॉल रखडतो. घरात कापूस भरलाय? मग टेबलावर जाड चादर हवीच.

बदलायचं केव्हा? पॉकेटच्या तोंडाशी चिरलं, किंवा लेव्हल बरोबर असूनही हळू सोडलेला बॉल ठरावीक जागी वळू लागला तर. कुशनचं, म्हणजे बॉल आदळून परततो त्या रबरी कडांचंही कापड सोबतच बदला. प्लायवूडच्या टेबलावर स्टेपलर मारून घरी जमतं. खाली तीन तुकड्यांची स्लेट, म्हणजे दगडी फरशी, असेल तर मात्र कारागीरच बोलवा, कारण सांधे मेणाने पुन्हा सपाट करावे लागू शकतात.